सातच्या बातम्या आणि तपकीची सुई

तपकी आमच्या घरी आली ती १९८१ च्या उन्हाळ्यात. त्या मार्चमध्ये तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडलं होतं. शेतकरी नेते शरद जोशींच्या सभा, रस्त्यातच सोडलेल्या बैलगाड्या, कडेला मांडलेल्या तीन दगडांच्या चुली. आबा रोज भाकरी बांधून घेऊन तिकडं जायचे. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी जिवानिशी गेले, रस्ता मोकळा करण्यात आला. त्यानंतर काही दिवसांनी आबा धोतराच्या सोग्यात एक पिल्लू घेऊन घरी आले. विझलेल्या चुलींपाशी ते एकटंच फिरत होतं. आज्जीनं त्याला उजेडात धरून रंग पाहिला आणि ‘तपकी’ म्हणून हाक मारली. जन्म तंबाखूच्या गावात गेलेल्या बाईला त्या रंगाचं दुसरं नाव सुचणार तरी कुठलं?

घर आमचं जुन्या घडणीचं. पुढं सोपा, मध्ये माजघर, मागं परडं. परड्यात दगडी डोण, तिच्या कडेला आज्जीची तुळस. आबा-आज्जी, थोरले, मधले आणि धाकटे काका, त्यांच्या बायका, लग्न होईपर्यंत आत्या, आणि आम्ही भावंडं. तंबाखूचा व्यापार बेताचा. भाड्याच्या वखारीत हंगामाला थोडी बोदं रचलेली असायची, बाकी सगळा भाव चढण्या-उतरण्याचा घोर. आज आम्ही बेळगावात, कोल्हापुरात, पुण्यात विखुरलो आहोत. लग्नकार्यात भेटलो की बोलणं फिरून तपकीवर येतंच. एकाला स्पिरिटचा वास आठवतो, दुसरीला रेडिओ, तिसऱ्याला फडताळातली काकवीची बाटली. या लिखाणात त्या सगळ्यांच्या आठवणी आहेत, आणि त्या सांगताना ‘मी’ म्हणायला मन धजत नाही.

आमच्या भागात पहिली भाकरी गाईची आणि शेवटची कुत्र्याची, हा रिवाज. थोरली काकू शेवटच्या भाकरीला पीठ कमी पडलं तरी ती थापायचीच. आज्जी माळकरी. नामदेवांची गोष्ट ती आम्हाला इतक्या वेळा सांगायची की आम्हीच ती पुढं पुरी करायचो: कुत्रं भाकरी घेऊन पळालं, आणि कोरडी भाकरी घशाला लागेल म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले. तपकीची भाकरी कोरडी कधी नसायची. ताकात, नाहीतर डाळीच्या पाण्यात कुस्करूनच तिच्या पुढ्यात जायची.

ती आमच्याशी मराठीत राहायची आणि वखारीतल्या बायकांशी कानडीत. सकाळी तंबाखू चाळायला, कुटायला जाणाऱ्या बायकांचा घोळका आमच्या दारावरनं जायचा. नाकातोंडाला पदर गुंडाळलेला, हातात डबा. ‘बा तपकी, बा’ म्हणून कुणीतरी हाक मारली की ही शेपूट हलवत थेट कोपऱ्यापर्यंत सोबत करायची. त्या बायकांची युनियन त्याच काळात उभी राहिली होती. मोर्चा निघाला की तपकी त्यांच्या पुढं चालायची, असं मधले काका मोठ्या अभिमानानं सांगायचे.

१९८९ च्या पावसाळ्यानंतर तिचं पाणी पिणं वाढलं. डोणीला तोंड लावलं की उठायचंच नाव नाही. रात्री सोप्यात कधीही ओलं न करणारी कुत्री पहाटे ओशाळून कोपऱ्यात बसलेली दिसायची. भाकरी दुप्पट खायची आणि तरी पाठीचा कणा वर येत चाललेला. आम्हा पोरांना वाटलं जंत झाले. आज्जी एका सकाळी परड्यात वाकून बघत उभी राहिली. तपकी जिथं बसून उठली होती तिथं मुंगळ्यांची रांग लागली होती.

‘अगं बघ की,’ आज्जी काकूला म्हणाली, ‘हिला माझंच दुखणं लागलंय न्हवं.’

आज्जीला मधुमेह होता. गोळ्यांचे दिवस सरून तिची सुई सुरू झाली होती. लघवीला मुंग्या लागणं ही या रोगाची खूण आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनीही नोंदवून ठेवलेली आहे, आणि आज्जीनं ती स्वतःवर पाहिलेली होती. कुत्र्यालाही हे होतं, हे मात्र आमच्यापैकी कुणाच्या गावी नव्हतं.

गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर कानडी मुलखातले होते. त्यांचे दिवस म्हशींच्या गाभणीत आणि बैलांच्या खुरात जायचे. कुत्रं घेऊन येणारं घर त्यांना क्वचितच भेटायचं. त्यांनी तपकीचे डोळे पाहिले, पोट दाबलं, वजन केलं आणि लघवी तपासून आणायला सांगितलं. ते काम धाकट्या काकांनी अंगावर घेतलं. ते अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात बी.एस्सी. करत होते. घर कर्नाटकात, कॉलेज महाराष्ट्रात. सायकलवरनं रोज हद्द ओलांडायची. त्यांनी बेनेडिक्टचं निळं द्रावण पैदा केलं. लांब दांड्याची पळी घेऊन ते पहाटे तपकीच्या मागं परड्यात फिरायचे. पाच मिली द्रावणात आठ थेंब टाकून नळी उकळत्या पाण्यात धरायची. साखर नसेल तर रंग निळाच राहतो. थोडी असेल तर हिरवा, मग पिवळा, नारिंगी, आणि भरपूर असेल तर विटकरी. तपकीची नळी चुलीवरच विटकरी झाली. आम्ही सगळे भोवती उभे होतो आणि कुणी काही बोललं नाही.

‘होय अव्वा, सक्करी आहे हिला,’ डॉक्टर आज्जीला म्हणाले. मग त्यांनी जे समजावलं ते आज आम्ही कुठल्याही मोठ्या दवाखान्यात ऐकतो त्यापेक्षा वेगळं नव्हतं. माणसाला उतारवयात होणारा मधुमेह पुष्कळदा गोळ्यांनी आवरतो. कुत्र्यात तसं होत नाही. त्याच्या स्वादुपिंडातल्या इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशीच बहुधा संपलेल्या असतात, म्हणून त्याला सुईच लागते, दिवसातनं दोनदा, बारा तासांच्या अंतरानं आणि जन्मभर. मध्यम वयाच्या पुढच्या माद्यांमध्ये, त्यातही पिशवी न काढलेल्या माद्यांमध्ये हा रोग जास्त आढळतो. सुई दिली नाही तर अंगातली चरबी जळून रक्तात विष साठतं आणि जनावर ओकून ओकून जातं.

गल्लीत याची चर्चा झाली. माणसाला औषध मिळायची मारामार आणि कुत्र्याला काय सुया टोचता, असं बोलणारे होते. वाईट मनाची माणसं नव्हती ती. त्यांच्या घरातही दुखणी होती आणि पैशाची ओढ होती. आमच्याही घरात रात्री जेवणं झाल्यावर हा विषय निघाला. थोरले काका हिशेब ठेवायचे, त्यांनी महिन्याचा खर्च मांडला. तंबाखूचा भाव पडलेला होता. सगळं ऐकून घेऊन आज्जी म्हणाली, ‘मलाबी तेच झालंय. मला कुठं सोडून आला न्हाईसा तुम्ही.’ विषय तिथं संपला. थोरल्या काकांनी वहीत तपकीच्या नावानं वेगळं पान घातलं आणि शेवटपर्यंत त्या पानाची बेरीज कुणाला वाचून दाखवली नाही.

सकाळी सात-पाचला पुण्याच्या प्रादेशिक बातम्या आणि संध्याकाळी सातला मुंबईच्या. आबांचा रेडिओ या दोन वेळांना लागायचाच, म्हणून तीच तपकीची वेळ ठरली. बातम्यांची धून वाजली की भाकरी पुढ्यात यायची. ती खाऊ लागली, निम्मी संपली, की सुई. आधी खाणं आणि मग सुई, हा डॉक्टरांचा हुकूम होता, कारण सुई देऊन बसलं आणि जनावरानं तोंड फिरवलं तर साखर एकदम खाली जाते.

सुई म्हणजे काचेची सिरिंज. पातेल्यात उकळायची, स्टीलच्या डबीत ठेवायची. आज्जीची डबी वेगळी, तपकीची वेगळी. तपकीच्या डबीला मधल्या काकूनं लाल दोरा बांधला होता. औषधाची बाटली मात्र एकाच जातीची, एका मिलीत चाळीस युनिटांची. आणायची ती डुकराच्या स्वादुपिंडापासून केलेल्या इन्शुलिनचीच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, कारण कुत्र्याचं आणि डुकराचं इन्शुलिन रचनेनं तंतोतंत एक असतं. माणसाच्या इन्शुलिनमध्ये आणि त्यात एका कणाचा फरक. निपाणीत ती बाटली नेहमी मिळायची नाही. मग वखारीच्या कामानं कोल्हापूरला किंवा बेळगावला जाणाऱ्याच्या हातात चिठ्ठी आणि थर्मास द्यायचा. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात बाटली. फ्रीज घरात येण्याआधी आज्जीची बाटली ओल्या वाळूत पुरलेल्या मडक्यात राहायची. फ्रीज आला तरी वाळूचं मडकं मोडलं नाही, कारण केईबीची, म्हणजे कर्नाटक वीज मंडळाची लाईट कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसायचा.

धाकट्या काकूला टोचायला आज्जीनं शिकवलं. बाटली हलवून घुसळायची नाही, दोन तळव्यांत धरून हळू फिरवायची, म्हणजे खाली बसलेलं औषध एकसारखं होतं. बुडबुडा राहू द्यायचा नाही. मानेमागची आणि कुशीवरची सैल कातडी चिमटीत उचलायची, सुई तिरकी घालायची, आणि रोज जागा बदलायची. नाहीतर गाठ होते आणि औषध नीट चढत नाही. काकू नव्यानं लग्न होऊन आलेली, संकेश्वरची. पहिल्या दिवशी तिचा हात कापत होता. आज्जीनं आपलाच दंड पुढं केला आणि म्हणाली, ‘आधी मला दे.’ त्या संध्याकाळपासून घरात सुई देणारे दोन हात झाले. पुढं आम्ही भावंडंही वयात येत गेलो तसे एकेक करून शिकलो. घरातली मुलगी दहावीला जाईतो तिला इन्शुलिन भरता येत होतं.

त्याच हिवाळ्यात धाकट्या काकांनी कॉलेजच्या ग्रंथालयातनं एक माहिती आणली आणि जेवताना सगळ्यांना सांगितली. १८८९ साली स्ट्रासबर्गमध्ये मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग या दोघांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं. त्या कुत्र्याला मधुमेह झाला आणि हा रोग नेमका कुठं उगम पावतो ते जगाला कळलं. पुढं १९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या टोरांटोमध्ये फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांवरच प्रयोग केले. स्वादुपिंडाचा अर्क काढायचा आणि मधुमेह झालेल्या कुत्र्याला टोचायचा. पुष्कळ कुत्री मेली. मार्जोरी नावाची एक कुत्री त्या अर्कावर दोन महिन्यांहून जास्त जगली. जेम्स कॉलिप यांनी तो अर्क शुद्ध केला, आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला तो दिला गेला. तोवर मधुमेह झालेलं मूल उपाशी ठेवून थोडे दिवस तगवणं एवढंच डॉक्टरांच्या हातात असायचं. तो मुलगा वाचला. १९२३ चं नोबेल बँटिंग आणि त्यांचे प्रमुख मॅक्लाउड यांना मिळालं. बँटिंगनी आपल्या वाट्याची रक्कम बेस्टबरोबर वाटून घेतली, मॅक्लाउडनी कॉलिपबरोबर. औषधाचा हक्क विद्यापीठाला एका डॉलरला दिला गेला, कारण ते सगळ्यांना मिळावं अशी त्यांची इच्छा होती.

आज्जीनं घास हातात तसाच धरून हे ऐकलं. तिला नोबेल कळलं नसेल, टोरांटो कुठं आहे तेही नसेल. ‘म्हंजे मी जिती हाय ती कुत्र्यांच्या जिवावर?’ तिनं विचारलं. काका म्हणाले, होय. ती उठली, हात धुतला आणि तपकीपाशी जाऊन बसली. तिच्या कपाळावरनं हात फिरवत राहिली. ‘ह्यांचं देणं लागतो की आपण,’ एवढंच म्हणाली. मुक्या जनावरांनी कुठल्या तरी दूरच्या प्रयोगशाळेत जे सोसलं ते आमच्या माजघरापर्यंत पोचलं होतं, आणि फेडायची संधी दारात बसलेली होती. आम्ही भावंडं हे त्या रात्री शिकलो. घरानं तपकीसाठी पुढं जे केलं त्याला आज्जीच्या लेखी उपकार हा शब्द लागू नव्हता.

खाण्याचं पथ्य सोपं होतं आणि अवघडही. रोज तेच, तेवढंच, त्याच वेळी. मापाची वाटी ठरली: शाळूची भाकरी, मुगाची डाळ, दुधी किंवा घेवडा शिजवून, आणि शेजारच्या घरातनं येणारं उकडलेलं अंडं. माळकरी घरात अंडं शिजत नसे, शेजारीण ते सोलून परड्याच्या भिंतीवर ठेवायची. अवघड होते ते सण. बेंदराला पुरणपोळी, गणपतीला मोदक, खपलीच्या गव्हाची खीर. पोरांच्या हातातनं खाली पडलेला तुकडाही तिच्या तोंडी जायचा. मग सण असला की आम्हा पोरांना आधी बसवून, हात धुऊन, मगच उठू दिलं जाई. आज्जी स्वतःही गोड खात नसे. नैवेद्याचं ताट झालं की ती आणि तपकी दोघी सोप्यात बसायच्या, दोघींच्या पुढ्यात भाकरी.

काकवीची बाटली फडताळात खालच्या खणात असायची. कागल-मुरगूडकडच्या गुऱ्हाळावरनं दर हंगामाला येणारी. झाकणाला फडका बांधलेला, आणि पोरांना तिला हात लावायची बंदी. ती कशासाठी आहे ते एका दुपारी कळलं. सकाळची भाकरी आणि सुई रीतसर झाली होती. तासाभरानं तपकीनं सगळं ओकून टाकलं. दुपारी ती उठायला गेली तर मागचे पाय लटपटले, मान थरथरायला लागली, डोळे कुठंतरी लागलेले. मोठी माणसं वखारीत. घरात आज्जी, धाकटी काकू आणि आम्ही. आज्जीनं बोटावर काकवी घेतली आणि तपकीचा ओठ उचलून हिरडीला चोळली. पुन्हा घेतली, पुन्हा चोळली. ओतायची नाही, ठसका लागून श्वासनळीत जाते, चोळायचीच. थोड्या वेळानं तिची जीभ हलली, तिनं बोट चाटलं, मान उचलली. काकूनं लगेच भाकरी दुधात कालवून दिली आणि आमच्यातला एकजण डॉक्टरांकडं पळाला. त्या संध्याकाळची सुई डॉक्टरांनी कमी करून दिली. साखर वाढलेली एक-दोन दिवस चालते, पण उतरलेली साखर घटकाभरही चालत नाही, हे त्यांचं वाक्य आमच्या घरात पुढं म्हणीसारखं राहिलं.

माजावर आली की तिची साखर हाताबाहेर जायची. माजानंतर दोन-अडीच महिने मादीच्या अंगात जो संप्रेरकांचा जोर असतो तो इन्शुलिनला दाद देत नाही. नळी पुन्हा विटकरी, वजन पुन्हा खाली. पिशवी काढली तरच हे थांबेल, डॉक्टरांनी सांगितलं, आणि ती सोय निपाणीत नव्हती. तंबाखूची बोदं बेळगावला निघालेल्या टेम्पोत पुढच्या बाजूला गोणपाट अंथरून तपकीची जागा केली. तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगी, यमकनमर्डी, काकती. मधले काका आणि थोरली काकू तिच्या दोन्ही बाजूंना. बेळगावात शहापूरला काकूचं माहेर. शस्त्रक्रिया झाल्यावर टाके सुकेपर्यंत तपकी तिथंच राहिली. त्या घरानं आमच्या सातच्या वेळा पाळल्या. कुत्र्याची सुई म्हणून तिथं कुणी नाक मुरडलं नाही. परतताना काकूच्या आईनं सगळ्यांसाठी कुंद्याचा डबा दिला आणि तपकीसाठी वेगळ्या पुडीत भाजलेले फुटाणे. त्यानंतर तिची साखर खरंच ताळ्यावर आली. औषध कमी लागू लागलं, अंगावर मांस भरलं, आणि ती पुन्हा बायकांच्या घोळक्याबरोबर कोपऱ्यापर्यंत जाऊ लागली.

डोळे मात्र गेले. मधुमेह झालेल्या बहुतेक कुत्र्यांना वर्ष-दीड वर्षात मोतीबिंदू होतो. रक्तातली जादा साखर डोळ्याच्या भिंगात शिरते, तिथं तिचं दुसऱ्या साखरेत रूपांतर होतं, ती पाणी ओढून घेते आणि भिंग दुधाळ होतं. तपकीचे दोन्ही डोळे थोड्याच आठवड्यांत पांढरे झाले. आज यावर शस्त्रक्रिया होते. त्या वेळी आमच्या भागात तसलं काही ऐकिवात नव्हतं. घरानं मग स्वतःला बदललं. सोप्यातली खाटली, बंब, डोणीजवळची बादली, कशाचीच जागा हलवायची नाही असं ठरलं. उंबऱ्यावर आज्जी वेखंड उगाळून लावायची, त्या वासानं तपकीला पायरी कळायची. आम्हा पोरांनी मनगटाला बैलांच्या जुन्या चाळाची घुंगरं बांधली. ती त्या आवाजामागं परडंभर न अडखळता फिरायची. वखारीतल्या बायकांनी आपण होऊन रीत बदलली. दारावरनं तसंच पुढं जाण्याऐवजी त्या आमच्या दारापाशी येऊन थांबत, तिला हाक मारत आणि मग पुढं जात.

या सगळ्या वर्षांत सुई चुकू नये म्हणून घरात एक पाळी होती. भिंतीवरच्या कॅलेंडरावर रोज दोन खुणा: सकाळची आणि संध्याकाळची. ज्यानं टोचलं त्यानंच खूण करायची. खूण दिसली की दुसऱ्यानं हात लावायचा नाही, म्हणजे एकच सुई दोनदा जाणार नाही. खूण नसेल आणि खात्री नसेल तर सुई द्यायची नाही, पुढची वेळ पाळायची. १ नोव्हेंबरला सीमाभागात मराठी लोकांचा काळा दिन. घरातले पुरुष बेळगावच्या सायकल फेरीला जायचे. सीमाप्रश्न आमच्या घरात जेवणाइतकाच रोजचा होता, आबा तर १९५६ पासून एकही फेरी चुकवत नसत. पण आदल्या रात्री कॅलेंडरासमोर उभं राहून ते विचारायचे, ‘उद्याच्या दोन्ही वेळा कुणाकडं?’ ते ठरल्याशिवाय झोपायला जात नसत. पंढरीच्या वारीला आज्जी निघाली तेव्हाही तिची पाळी काकूनं लिहून घेतली. लग्न, बारसं, मयत, निवडणूक. काहीही असो, सातला एक माणूस परड्यात असायचाच.

१९९३ च्या उन्हाळ्यात तपकी गेली. तेव्हा बारा वर्षांची होती. मूत्रपिंडं थकली होती, खाणं सुटलं होतं. डॉक्टर घरी येऊन गेले. शेवटचे दिवस आज्जीच्या खाटल्याखाली काढून ती झोपेतच गेली. परड्यात तिला पुरलं. आज्जी त्यानंतर आणखी काही वर्षं होती. तिची सुईही सातलाच चालू राहिली.

आम्ही भावंडं आता त्या वेळच्या काका-काकूंच्या वयाला पोचलो आहोत. आमच्यापैकी एकीच्या टिळकवाडीतल्या घरात मधुमेहाची कुत्री आहे. साधनं केवढी बदललीत! कानाच्या पाळीला किंवा ओठाच्या आतल्या बाजूला टोचून थेंबभर रक्त घेतलं की यंत्र आकडा दाखवतं. कातडीवर चिकटवायचा सेन्सर मिळतो, तो दिवसभराची साखर मोबाईलवर आणतो. सुया इतक्या बारीक की जनावराला कळतसुद्धा नाही. फक्त चाळीस युनिटांच्या बाटलीला चाळीस युनिटांचीच, लाल टोपणाची सिरिंज लागते. शंभर युनिटांची नारिंगी टोपणाची वापरली तर मात्रा चुकते. एवढं डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं.

कमी झाली आहेत ती माणसं. बहीण आणि मेव्हणे दोघंही नोकरीवर, मुलगा बंगळूरला. रात्री उशिराची बैठक, गावाला जाणं, एखादं आजारपण, आणि लगेच सातची वेळ संकटात. तिच्यासारखी किती तरी घरं आम्ही पाहतो. जीव लावलेला असतो, पैसाही असतो, पण दोनच हात असतात आणि ते थकतात. पशुवैद्याच्या खोलीत रोगाचं नाव ऐकल्यावर काही जण त्याच थकव्याच्या भीतीनं जनावराला कायमचं झोपवण्याचा विचार करतात. त्यांना निर्दय म्हणायला आमची जीभ रेटत नाही. आमच्या आज्जीला निर्णय घेणं सोपं गेलं, कारण तिच्या मागं घर होतं, घराच्या मागं शेजारीण होती, शहापूरचं माहेर होतं, वखारीतल्या बायका होत्या. तपकीला त्या सगळ्यांनी मिळून सांभाळलं. एकट्या आज्जीनं किंवा एकट्या काकूनं ते झालं नसतं.

म्हणून त्या पिढीकडनं उचलायचं ते हे. कुत्रं एकाएकी पाणी जास्त पिऊ लागलं, खाऊनही वाळू लागलं, तर आठवडा घालवू नका, लघवी आणि रक्त तपासा. पाळलेल्या मादीची पिशवी वेळेत काढून घ्या. मध किंवा काकवी हाताशी ठेवा. आणि रोगाचं नाव कळलं त्याच दिवशी घराबाहेरच्या निदान एका माणसाला, शेजाऱ्याला, वरच्या मजल्यावरच्या आजोबांना, कॉलेजात जाणाऱ्या पोराला, सुई भरायला शिकवा आणि घराची एक किल्ली त्यांच्याकडं द्या. लाजू नका. मदत मागितली की माणसं येतात, हे आम्ही लहानपणी पाहिलंय. टिळकवाडीतल्या बहिणीनं तसंच केलं. आता तिच्या फ्रीजवर कॅलेंडर आहे, त्यावर रोज दोन खुणा होतात, आणि त्यातली संध्याकाळची पुष्कळदा समोरच्या घरातल्या बाईंची असते. त्या कन्नड बोलतात. बहिणीच्या कुत्रीला त्या ‘बा’ म्हणतात, आणि ती येते.